चुन्याची निवळी

आधी हात, मग डोकं, मग डावा खांदा. उजवा खांदा आपोआप मागून येतो. कवळ्याच्या गुहेत शिरायची ही रीत मला आप्पांनी शिकवली, आणि गेल्या महाशिवरात्रीला मी ती माझ्या लेकीला सांगितली. माझ्या नाकापुढं कुणा नऊवारीतल्या आजींचे तळपाय होते, भेगाळलेले, ओल्या मातीनं माखलेले. दर दोन सरकण्यांमागं त्या "शंभो" म्हणत होत्या. मागून लेकीचा आवाज आला, "आई, अजून किती?" आणि माझ्या तोंडून आप्पांचंच उत्तर निघालं, "पुढच्या माणसाचे पाय दिसालेत नव्हं? मग चाल."

बाहेर पहाटेची थंडी होती. पायऱ्या उतरताना आम्ही शाली लपेटून घेतल्या होत्या. आत शिरल्यावर मात्र पाच मिनिटांत घाम फुटला. लहानपणी मला वाटायचं, एवढ्या माणसांच्या श्वासानं आत उकडतं. ते थोडं खरं आहेच. पण खोल गुहेतली हवा मुळात वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असते. बाहेरच्या उन्हाळ्याची, थंडीची, पावसाची सरासरी दगडानं काढून ठेवलेली असते. म्हणून थंडीत गुहा ऊबदार वाटते आणि मे महिन्यात गार.

कवळा दांडेलीजवळच्या रानात आहे. उत्तर कन्नड जिल्हा, काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. त्यामुळं एरवी मनात आलं आणि गेलं, असं होत नाही. शिवरात्रीला मात्र वाट मोकळी होते आणि हल्याळ, जोयडा, अळणावर, खानापूर अशा चारी बाजूंनी माणसं येतात. रांगेत पुढचा कानडीत बोलतो, मागचा मराठीत, त्याच्या मागची कोकणीत, आणि "जरा सरका की" सगळ्यांना कळतं. माझं माहेर हल्याळ तालुक्यातलं. आप्पा भात आणि ऊस करायचे. वर्षातून दोनच प्रवास ते न चुकता करत: एक उळवीच्या जत्रेचा, दुसरा कवळ्याचा. उळवीला बैलगाडीतून पोरंबाळं, भांडीकुंडी सगळं घेऊन जायचं. कवळ्याला चालत जायचं, उपाशीपोटी, खिशात चार उकडलेली रताळी.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा नऊ वर्षांची होते. साल १९८८.

आमच्या मराठी मुलखात गुहा म्हटलं की माणसाला लेणी आठवतात. अजिंठा, वेरूळ, कार्ले. तिथं डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि माणसानं छिन्नी-हातोडा घेऊन त्यात घरं कोरली. तो पाषाण बेळगावाच्या आसपास येऊन संपतो. गोकाकच्या धबधब्याला उभं राहिलं की पायाखालचा खडक निराळा आहे हे रंगावरूनच कळतं. खाली दांडेली-जोयड्याकडं गेलं की धारवाडी खडक लागतात, अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने, आणि त्यांत मध्येमध्ये चुनखडीचे पट्टे. चुनखडी आली की छिन्नीची गरज राहत नाही. पाणीच कोरतं. आणि पाणी नुसतं कोरत नाही, कोरून झालं की परत भरायलाही लागतं. लेणं एकदा पूर्ण झालं की तिथून पुढं ते फक्त झिजतं. कवळ्यासारखी गुहा अजून बांधून व्हायची आहे. हे मला कळायला पंचवीस वर्षं लागली.

सरपटायची वाट संपली की उभं राहता येतं. जागा मोठी नाही. बेलमच्या गुहा पाहून आलेल्या माणसाला तर ही कोठीची खोली वाटेल. मी बेलम पाहिलंय. आंध्रात, ३२२९ मीटर लांबीची, आत चालायला वाट, दिवे, हवा खेळती ठेवायची सोय, सगळं नीट. 'बेलम' हे नाव संस्कृतातल्या 'बिलम्'वरून आलं म्हणतात, म्हणजे आपलं बीळच. त्या गुहेची नोंद १८८४ साली भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केली. हेच फूट त्याआधी आपल्या भागात खडक तपासत हिंडले होते. त्या वेळच्या 'दक्षिण मराठा देशा'च्या भूरचनेवरचा त्यांचा मोठा वृत्तान्त १८७६ मध्ये निघाला. घटप्रभा-मलप्रभेच्या काठचे दगड ज्यानं हातात घेऊन पाहिले तोच माणूस पुढं बेलमच्या तोंडाशी उभा राहिला, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण बेलममध्ये मला कवळ्याइतकं काही जवळून पाहता आलं नाही. तिथं माणूस लांबीरुंदीनं दिपतो. इथं खोलीभर जागेत समोर एकच गोष्ट आहे आणि ती नाकापासून हातभर अंतरावर.

ती म्हणजे पिंड. जमिनीतून वर आलेला, डोक्याला गोल, अंगाला ओला चकचकीत खांब. त्याच्या बरोबर वर छताला गाईच्या सडासारखा लोंबणारा दगड. त्या सडाच्या टोकाला थेंब धरतो, फुगतो, थरथरतो आणि सुटतो. टप्. पिंडीच्या माथ्यावर एक उथळ खळगा आहे, तिथंच तो पडतो. हजार माणसं रांगेत उभी असोत की बाहेर रानात एकटा वाघ फिरत असो, थेंब तिथंच पडतो.

"बघ," आप्पा म्हणाले होते, "अभिषेक आपणच करतोय तो. भटजी नको, तांब्या नको."

त्यांनी मला थेंब मोजायला लावले. दोन थेंबांच्या मध्ये किती वेळा 'नमः शिवाय' होतं, ते. सात वेळा झालं. मी घाईनं म्हणत होते म्हणून त्यांनी परत मोजायला लावलं, सावकाश. तरी सात.

*

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, ओळखायचा प्रयोग दरवर्षी असतो. पानाला लावायचा चुना पाण्यात ढवळायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. ती चुन्याची निवळी. त्यात शहाळ्याची नळी घालून फुंकलं की निवळी दुधासारखी होते. पुस्तकात प्रयोग इथं संपतो. मुलं टाळ्या वाजवतात, वहीत 'कर्बवायूमुळे निवळी दुधाळ होते' लिहितात आणि तास संपतो.

एका वर्षी एक मुलगा फुंकायचा थांबलाच नाही. निवळी मी पातळ केली होती. दुधाळ झाली तरी तो गाल फुगवून फुंकतच राहिला आणि बघता बघता ती परत नितळ व्हायला लागली. वर्ग गप्प झाला. त्याला वाटलं आपल्या हातून काहीतरी बिघडलं. मी ती परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. थोडी तापली, बुडबुडे आले आणि पुन्हा दुधाळ.

कवळ्याची अख्खी गुहा त्या दिवशी माझ्या हातातल्या नळीत होती.

पाऊस पडतो तेव्हा हवेतला कर्बवायू थोडासाच घेतो. खरा कर्बवायू त्याला मिळतो रानाच्या मातीत. मुळं श्वास सोडतात, पालापाचोळा कुजतो, मातीतले जिवाणू काम करत असतात, त्यामुळं मातीच्या पोकळ्यांमधल्या हवेत कर्बवायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. तो पिऊन पाणी किंचित आंबट होतं आणि भेगांतून खाली जाताना चुनखडी विरघळवत जातं. हे म्हणजे त्या मुलाचं फुंकतच राहणं, दुधाळ होतं ते नितळ करणारं. मग ते पाणी गुहेच्या छतातून बाहेर येतं. गुहेच्या हवेत कर्बवायू मातीतल्यापेक्षा कमी. सोड्याची बाटली उघडल्यावर जसा वायू निसटतो तसा थेंबातला कर्बवायू निसटतो, आणि जो चुना तो धरून ठेवत होता तो थेंबाला आता धरवत नाही. एक कणभर थर छताला राहतो, एक कणभर खाली पिंडीला. दिव्यावर नळी तापवली तेव्हा जे झालं तेच, फक्त आचेविना आणि फार सावकाश.

माझी नणंद रामदुर्गला असते. त्यांच्याकडं बोअरचं पाणी. चहाच्या भांड्याला महिनाभरात पांढरा खरपा धरतो, बंबात तर बोटभर. वन्सं चिंचेचा कोळ लावून तो काढतात, फसफसतो आणि सुटतो. चुन्याला आंबट लागलं की तो सुटतो, आंबट गेलं की तो बसतो. मुलांना मी हेच सांगते: पावसाचं पाणी म्हणजे डोंगराला लावलेली चिंच. त्यांना ते लगेच कळतं, कारण ते भांडं प्रत्येकाच्या घरी आहे.

शाळेच्या भूगोलात छतावरून खाली येणाऱ्याला अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीवरून वर चढणाऱ्याला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतात. 'लवण' ऐकून मुलं मीठ समजतात, चाखून बघायचंय म्हणतात. मला ही नावं कधी आवडली नाहीत. आप्पा वरच्याला 'सड' म्हणत आणि खालच्याला 'पिंड'. सडातून येतं, पिंडीवर पडतं. दोन शब्दांत सगळी क्रिया आली. वर्गात मी आता आधी हेच शब्द देते, परीक्षेचे नंतर.

या सगळ्यात जी गोष्ट मला सारखी अस्वस्थ करते ती मातीची. पिंड वाढते ती वरच्या रानामुळं. झाडाची मुळं श्वास घेतायत तोवर पाणी आंबट होणार, पाणी आंबट आहे तोवर ते चुना आणणार. वरचं रान उघडं पडलं, माती वाहून गेली, की छतातून येणारं पाणी चुन्याला पारखं होत जाईल. देव आणि देवराई वेगळी करता येत नाही असं आपली जुनी माणसं म्हणायची. ते श्रद्धेनं म्हणायची, पण कवळ्यापुरतं तरी ते रसायनशास्त्रातलं साधं सत्य आहे. काळी नदीच्या या खोऱ्यानं आधीच पुष्कळ दिलंय. सूपा धरणात जुनं सूपा गावच पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. आता जे रान उरलंय त्याच्या मुळांशी खाली काय काय टांगलेलं आहे, हे माणसाला रस्त्यावरून जाताना दिसत नाही.

*

वाढीचा वेग सांगितला की मुलांना खोटं वाटतं. जगभर जिथं जिथं मोजलंय तिथं असे स्तंभ वर्षाला ढोबळमानानं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या मागंपुढं वाढतात, कुठं त्याहून कमी, कुठं जास्त. म्हणजे शंभर वर्षांत नखभर. आप्पांचा जन्म झाला तेव्हापासून ते गेले तोवर पिंड तांदळाच्या दाण्याएवढी वाढली असेल.

आणि ही वाढ सरसकट नसते, तिच्यात खुणा असतात. आमच्याच उत्तर कन्नड जिल्ह्यात अकळगवी नावाची गुहा आहे. तिथल्या एका स्तंभाचा अहमदाबाद आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तो उभा कापला तर झाडाच्या खोडासारखे थर, वर्षाला एक. एकूण ३३१ थर. त्या थरांच्या रासायनिक ठेवणीवरून त्यांनी कोणत्या काळात मोसमी पाऊस भरभरून पडला आणि कोणत्या काळात ओढ दिली, हे वाचून काढलं. ३३१ वर्षं म्हणजे शिवाजी महाराज हयात होते तेव्हा त्याचा पहिला थर बसला. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्याची नोंद, कुणीही लिहिलेली नाही, कुणाला खूश करायला फिरवलेली नाही. आप्पा पाऊसपाण्याचं सगळं तोंडपाठ सांगायचे, कोणत्या साली नदीला पूर आला, कोणत्या साली भात करपलं. त्यांची आठवण फार तर सत्तर वर्षांची. तिच्याखाली त्या दगडाची आठवण आणखी अडीचशे वर्षं खोल जाते. मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या अशाच एका स्तंभावर ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची खूण सापडली आणि २०१८ मध्ये पृथ्वीच्या चालू कालखंडालाच 'मेघालयन' असं नाव पडलं.

पाऊस जिथं जमिनीत उतरतो तिथं तो स्वतःचं टिपण ठेवतो. आपण ते टिपण हातानं पुसतो.

हे मी उगाच म्हणत नाही. १९८८ च्या त्या पहिल्या भेटीत, परत निघताना, सरपटायच्या वाटेवर छत इतकं खाली होतं की केस घासत होते. आणि त्या छताला, माझ्या डोळ्यांपुढं, पांढऱ्या नळ्या होत्या. शहाळ्याच्या नळीपेक्षा बारीक, काही बोटाच्या पेराएवढ्या, काही जास्त. प्रत्येकीच्या टोकाला एकेक थेंब. आप्पांच्या हातातल्या बॅटरीचा उजेड त्यातून आरपार जात होता, काचेसारखा. मी हात वर केला. ओढावंही लागलं नाही. नुसतं बोट लागलं आणि कट् आवाज झाला, खडू मोडतो तसा. करंगळीएवढी नळी माझ्या तळहातावर होती.

मला वाटलं आप्पा रागावतील. ते काही बोलले नाहीत. त्यांनी ती घेतली, आपल्या टोपीच्या घडीत ठेवली आणि घरी आल्यावर देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. आई तिला 'देवाची नळी' म्हणते. तिला रोज हळदकुंकू लागतं. त्यामुळं एका बाजूनं ती पिवळी पडलीय.

पुढं शिकल्यावर मी ती भिंगाखाली धरली. मधोमध भोक, सुई जाईल एवढं. भोवती एकावर एक कंगोरे. तुटलेल्या कडेला बारीक बारीक पैलू, उन्हात हलवलं की चमकणारे. थेंब त्या भोकातून यायचा, टोकाशी थांबायचा आणि आपल्या काठाला चुन्याचं एक कडं सोडून पडायचा. नळीची जाडी थेंबाच्या आकारानं ठरते, म्हणून जगातल्या कुठल्याही चुनखडीच्या गुहेत या नळ्या साधारण सारख्याच जाडीच्या असतात. अशा नळ्या स्तंभांपेक्षा पुष्कळ लवकर वाढतात, तरीही करंगळीएवढी व्हायला कित्येक दशकं जातात. आजोबांच्या, पणजोबांच्या काळापासून जे चाललं होतं ते माझ्या एका बोटानं थांबलं. नऊ वर्षांच्या मुलीला कुणी दोष देणार नाही, मीही देत नाही. पण झालं ते झालं, ते मला आजही टोचतं.

म्हणून गेल्या शिवरात्रीला मी ती जागा शोधत होते. मोडल्या जागी पाणी येत राहिलं तर नळी परत धरते. छत्तीस-सदतीस वर्षांत निदान खसखशीएवढं टोक आलं असेल, असं मनात होतं. सरपटताना मी मुद्दाम पाठीवर वळले. हेडटॉर्चचा झोत छतावर टाकला.

तिथं काहीच नव्हतं. एक नळी मोडलेली दिसली असती तर मला वाईट वाटलं असतं. तिथं एकही नव्हती. छत गुळगुळीत, काळपट, तेल लावलेल्या पोळपाटासारखं. वर्षानुवर्षं खांदे, डोकी, हात घासून घासून. पुढं मोठ्या जागेत आल्यावर मी झोत भिंतीवर वर वर नेला, आणि एका उंचीवर रेघ मारल्यासारखा रंग बदलला. हात पोचतो तिथवर काळं. हात पोचत नाही तिथून पांढरं. वर, कोपऱ्यात, नळ्या अजून होत्या, थेंब धरून.

माणसाच्या हाताला तेल असतं, घाम असतो. ओल्या चुन्यावर तो हात फिरला की तेलाचा पापुद्रा बसतो आणि पुढचा चुना तिथं नीट धरत नाही. वर धूळ आणि काजळी चिकटते. कापूर, उदबत्ती, पणत्या, बंद जागेत सगळ्याची काजळी छतालाच जाते. दूध आणि पंचामृत दगडावर ओतलं की ते कुजतं आणि त्यावर बुरशी येते. दिव्यांच्या झगमगाटात राहणाऱ्या मोठमोठ्या गुहांतही दिव्याभोवती हिरवं शेवाळ धरतं, कारण जिथं कधी उजेड नव्हता तिथं आपण तो नेतो. फ्रान्समधली लास्को गुहा, हजारो वर्षं टिकलेल्या चित्रांची, माणसांच्या नुसत्या श्वासानं आणि दिव्यांनी बिघडायला लागली तेव्हा १९६३ मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली.

कवळा बंद करा असं मी म्हणणार नाही. माझे आप्पा तिथं चालत जात. पुढच्या आजींनी आयुष्यभर तिथं डोकं टेकलंय, आणि ते डोकं टेकणं मला खोटं वाटत नाही. पण तो दगड आपला अभिषेक आपण करतोय हे ज्या माणसानं मला दाखवलं, त्याच्याच बोलण्याचा अर्थ शेवटपर्यंत न्यायला हवा. तांब्या नको म्हणजे तांब्या नको. दूध नको, कापूर नको, हात नको. नमस्कार लांबून होतो. पंढरपुरातही लाखो माणसं कळसाचं दर्शन घेऊन समाधानानं माघारी फिरतात, आणि त्यांची वारी कमी होत नाही.

काही गुहा मात्र माणसाविनाच बऱ्या. आमच्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीकडच्या रानात बारापेडे म्हणून गुहा आहे. तिथं रॉटनचं वटवाघूळ राहतं, मोठ्या कानांचं, शेपटीचं टोक मोकळं असणारं, किडे खाणारं. १९१३ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि कित्येक दशकं अख्ख्या जगाला ते फक्त या एका गुहेतून माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला वाघाच्या बरोबरीनं पहिल्या परिशिष्टात जागा दिलीय, आणि २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं तेव्हा ते रानही राखीव झालं. दरवर्षी माझ्या वर्गातलं कुणीतरी विचारतं, "बाई, सहल बारापेड्याला न्या की." मी नाही म्हणते. पिल्लाला कवटाळून लटकलेली मादी उजेडानं आणि गोंगाटानं बिचकून उडाली की पिल्लू खाली पडतं. आपल्या तालुक्यात जगातलं इतकं दुर्मिळ काहीतरी आहे आणि ते आपण कधीच पाहणार नाही, हे मुलांना मी अभिमानाची गोष्ट म्हणून सांगते. पहिल्यांदा त्यांना पटत नाही. दहावीपर्यंत पुष्कळांना पटतं.

*

पिंडीपाशी आमची पाळी आली तेव्हा रांग मागून रेटत होती. लेकीनं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. माझ्याकडं पाहिलं. बाजूला उभा असलेला एक माणूस मायेनं म्हणाला, "लाव गं बाळ, देव हाय त्यो. घाबरू नको."

"घाबरत नाही, काका," ती म्हणाली. "तो वाढालाय. मध्ये हात नको."

काकांनी एकदा पिंडीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग त्यांनी स्वतःचा हात, जो पिंडीवर टेकलेला होता, उचलून छातीशी नेला आणि जोडला. ते पटून केलं की पोरीचं मन राखायला, कोण जाणे. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आम्ही थेंब मोजले. दोनदाच मोजता आले. दोन्ही वेळा अकरा 'नमः शिवाय' झाले.

आप्पांच्या वेळी सात, आता अकरा. रात्री झोपेपर्यंत मी याच आकड्यांशी झगडत होते. त्या वर्षीचा पाऊस निराळा, या वर्षीचा निराळा. वर एखादी भेग चुन्यानंच बुजली असेल आणि पाण्यानं वाट बदलली असेल. नऊ वर्षांच्या मुलीचा 'नमः शिवाय' आणि पंचेचाळिशीच्या बाईचा, यातही फरक. दोन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढू नका, असं मी मुलांना सांगते. तरीही वरच्या रानाकडं पाहताना पोटात तुटलं ते तुटलंच.

निघताना मी त्या सडाखाली जरा जास्तच वाकले. टप् झालं आणि माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर थेंब पडला. रांगेत पुसायला हात मोकळा नव्हता. सरपटत बाहेर आले, पायऱ्या चढले, वर उन्हात येऊन बसले तोवर तो वाळून गेला होता. काचेवर एक गोल उरला होता, पांढरा, केसाएवढ्या कडेचा. त्यातून समोरचं रान थोडं धुरकट दिसत होतं. रताळी खाल्ली, पाणी प्यायलो, दोन गाड्या बदलत हल्याळला आलो. चष्मा मी पुसला नाही.

आई ओसरीवर वरी निवडत बसली होती. मला पाहताच उठली, सवयीनं पदराचं टोक धरून पुढं आली. "चष्म्यावर काय गं पडलंय? दे इकडं."

"आजी, थांब, थांब!" लेक ओरडली. "पुसू नको. तुझी देवाची नळी आण आधी, ती पण अशीच सुरू झाली होती." आणि माझ्या पिशवीतलं भिंग शोधायला ती तिथंच खाली बसली, लाल मातीनं भरलेल्या गुडघ्यांवर.